व्याहीसाहेबांच्या गाडीतल्या रिकाम्या नळ्या

श्रीमान व्याहीसाहेब यांच्या सेवेशी,

सादर नमस्कार. आपण तिकडे निसर्गोपचार केंद्रात खुशाल असाल, वजन हवं तेवढं उतरलं असेल, रक्तदाब इतरांना हेवा वाटावा असा झाला असेल आणि मातीच्या लेपांनी कांती उजळली असेल, अशी आशा करतो. आपल्याबरोबर आलेल्या विहीणबाईंची प्रकृती उत्तम असणारच. आपण मौन धरल्यापासून त्यांना गाढ झोप लागते, असं त्यांनी सुनेला पाठवलेल्या कार्डात लिहिलं आहे (मजकूर एवढाच होता, पण अक्षरात एक टवटवी होती). इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. हे वाक्य पत्रात घालायची पद्धत आहे म्हणून घातलं. त्यात कितपत तथ्य आहे ते पुढचं वाचून आपणच ठरवावं. केंद्रात फोन चालत नाही, पण पत्रं देतात, असं तिथल्या बाईंनी मला सांगितलं; फक्त मजकूर मन विचलित करणारा नसावा अशी अट घातली. त्या अटीला मान देऊन सुरुवातीलाच सांगून टाकतो की आपली गाडी सुखरूप आहे. आता एक दीर्घ श्वास घ्यावा, हवं तर दोन घ्यावेत आणि मग पुढे वाचावं.

गाडी आमच्याकडे ठेवायला आलात तेव्हा "तुमची शेड कोरडी आहे" असं आपण कारण दिलंत. आपल्या घरचं गॅरेज आमच्या शेडपेक्षा मोठं आणि कोरडं आहे, त्याला फरशी आहे, पंखासुद्धा आहे, हे मला ठाऊक होतं. पण मुलीच्या सासऱ्यांशी कोरडेपणावरून वाद घालायचा नसतो, म्हणून मी माझी स्कूटर, हिच्या कुंड्या आणि दोन ट्रंका उघड्यावर काढल्या आणि आपली ती लाल, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल की काय असं वाटणारी स्पोर्ट्स कार आत घेतली. खरं कारण मला नंतर मुलीने सांगितलं. घरी ठेवली तर चिरंजीव हात लावतील, अशी आपल्याला धास्ती होती. (चिरंजीव म्हणजे आमचे जावईबापू. इस्पितळात भूल देणारे डॉक्टर. लोक निर्धास्तपणे त्यांच्या हाती आपला श्वास सोपवतात. वडील किल्ली सोपवत नाहीत.) "तिला आठवड्यातून एकदा सुरू करा, बाकी तिचं काही मागणं नाही, आणि मेकॅनिक म्हणून कोणाचा हात लागू देऊ नका," एवढं बजावून आपण बॉनेटवर थोपटलंत, "येतो गं" म्हणालात आणि निघालात. मुलाकडे पाहून मान हलवलीत, तेही माझ्या लक्षात आहे.

पहिल्याच आठवड्यात मी ती आज्ञेप्रमाणे सुरू केली. सुरू झाली. आवाज चांगला होता, म्हणजे शेजाऱ्यांना लगेच कळला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची ही स्वयंपाकघरात उभी राहिली, नाक वर केलं आणि म्हणाली, "अहो, पेट्रोल." आपल्याला कल्पना आहे की शेड आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत आहे आणि त्या भिंतीत वर झरोका आहे. मी म्हटलं, पेट्रोलच्या गाडीला पेट्रोलचा वास येणारच, गुलाबाचा कसा येईल. ती म्हणाली, "एक तर ती पेटेल नाहीतर आपण. ती गाडी हिंडतीफिरती होईपर्यंत मी या घरात काडी ओढणार नाही." हे बोलून तिने कुकर पिशवीत घातला आणि लेकीकडे, म्हणजे आपल्या घरी, मुक्काम हलवला. (विहीणबाईंच्या स्वयंपाकघरातले डबे तिने सोयीप्रमाणे नव्याने लावले आहेत, असं कळतं. त्याची जबाबदारी माझ्याकडे नाही. मूळ कारण आपल्या गाडीत आहे.) मी घरात एकटा, थंड ब्रेड खात, आपल्या गाडीची राखण करत राहिलो. आपणही तिकडे बिनमिठाचं खात होतात म्हणा. पण आपण त्याला उपचार म्हणता.

मेकॅनिकचा हात लागू देऊ नका असं आपण सांगितलं होतंत, तरी मी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेलोच. गाडीचं वर्णन ऐकून त्याने हात पुसले आणि विचारलं, "ते साहेब आहेत का बरोबर? स्टूलवाले?" आपण मागे त्याच्याकडे गाडी दिली होतीत, तेव्हा घरून स्टूल नेऊन दिवसभर त्याच्या शेजारी बसला होतात आणि प्रत्येक पान्याला "हळू" म्हणत होतात, असं त्याला आठवतं. मी सांगितलं, साहेब सध्या मौनात आहेत. "मौनात असले तरी बघतील ना," असं म्हणून तो दुसऱ्या गाडीखाली सरकला आणि मी असेपर्यंत बाहेर आला नाही.

मग मीच करायचं ठरवलं. यात अवघड वाटावं असं मला काही दिसत नव्हतं. उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात काढला. ज्याने अख्ख्या शहराला पाणी पाजलं (दिवसाआड का होईना), त्याला बोटाएवढ्या नळीचं काय कौतुक? बॉनेट उघडलं, बॅटरीची तार सोडली आणि पेट्रोलच्या पंपाकडून कार्बोरेटरकडे जाणारी नळी नुसती चाचपून पाहिली. ती वाळक्या शेंगेसारखी मोडून माझ्या हातात आली. रबर इतकं जुनं झालं होतं की त्याला आपण रबर आहोत याचाच विसर पडला होता. बाकीच्या नळ्यांवरही तड्यांची जाळी होती. आपण या गाडीला दर रविवारी मेण लावता, चाकांच्या तारा दात घासायच्या ब्रशने घासता, हे सगळ्या गावाला माहीत आहे. झाकण उघडून आत बघावं असं मात्र आपल्याला कधी वाटलेलं दिसत नाही. ज्या नळ्यांतून पेट्रोल तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावरून जातं, त्यांचं वय आमच्या जावईबापूंपेक्षा फार कमी नसावं.

पण पेट्रोलच्या नळ्या थोड्या. बाकीचं जे बारीक नळ्यांचं जंजाळ त्या इंजिनाभोवती आहे, ते व्हॅक्यूमचं, म्हणजे पोकळीचं. इंजिन श्वास आत ओढतं, त्या ओढीवर या गाडीच्या कर्त्याने घरातली सगळी कामं लावून दिली आहेत. बॉनेटमध्ये मिटून बसणारे ते दोन हेडलाइट तीच ओढ उघडते, हीटरची झडप तीच हलवते, ब्रेक दाबताना पायाला जोर तीच देते. त्यातल्या एका नळीचं टोक सोडवून मी आत काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. काही नसणं हेच त्यांचं काम. आमच्या खात्यातही शेवटच्या वर्षांत बऱ्याच पाइपांत काही नसायचं, पण आम्ही त्याला तंत्रज्ञान म्हणत नव्हतो. लोक मोर्चा घेऊन यायचे.

नवीन नळ्या आणायला रबराच्या दुकानात गेलो. दुकानदार बाई हसतमुख होत्या. त्यांनी विचारलं, "आतून काय जाणार?" मी म्हटलं, "काही नाही." "म्हणजे हवा?" मी म्हटलं, "हवाही नको. हवा गेली तर बिघाड समजायचा." त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका, बरोबर घरचं कोणी आलंय का?" मी सगळं सविस्तर समजावलं, अगदी शहराच्या जलवाहिन्यांपासून. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक चकचकीत निळं भेंडोळं माझ्यासमोर ठेवलं. "सिलिकॉन. कशालाही चालतं. लोक माशांच्या टाकीलासुद्धा नेतात." माशांना चालतं ते आपल्या गाडीला चालणार नाही, असं म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. मी पोकळीसाठीही तेच घेतलं आणि पेट्रोलसाठीही तेच घेतलं. हा निर्णय लक्षात ठेवावा, पुढे उपयोगी पडेल.

आता आपले चिरंजीव. आमच्या हिने त्यांच्या हाती माझा जेवणाचा डबा धाडायला सुरुवात केली होती. इस्पितळातून घरी जायचं, सासूने भरलेला डबा घ्यायचा आणि सासऱ्याला पोचवायचा, असा त्यांचा फेरा. (आपल्या घरी सध्या सासूबाई असल्यामुळे त्यांना बाहेर पडायला निमित्त हवं होतं, असाही एक तर्क आहे. मी तो मांडत नाही.) डबा दिला की ते शेडमध्ये येऊन उभे राहायचे. हात मागे बांधून, गाडीपासून दोन पावलं लांब, संग्रहालयात उभं राहावं तसे. मला वाटलं, काय हे संस्कार. एक दिवस मी नळी धरून वाकलेलो असताना म्हटलं, "जरा तो टॉर्च धरा आणि इकडे वाका." ते म्हणाले, "वाकू? बॉनेटला शर्टाची बटणं लागतील." मी म्हटलं, "लागू द्या." त्यांनी शर्टावरून माझा जुना स्वेटर चढवला, मग वाकले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यात संस्काराचा भाग कमी आणि सरावाचा जास्त आहे. पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस स्वतःच्या घरच्या गाडीवर वाकताना आधी बटणांचा विचार करतो, याचं श्रेय मी पूर्णपणे आपल्याला देतो.

वाकले त्याच दिवशी त्यांनी एक सूचना केली. "काका, काढण्याआधी प्रत्येक नळीला खूण करू या का? आम्ही ऑपरेशनला करतो." मी हसलो. म्हटलं, डॉक्टर, मी या शहराचा नकाशा डोळे मिटून काढतो, ही तर टीचभर गाडी. आणि मी सगळ्या नळ्या एका झटक्यात उपटल्या. टोपलीभर झाल्या. त्यानंतर निळ्या नळ्या कापून जागोजागी बसवताना आम्हाला असं आढळलं की त्या टीचभर गाडीत नळीचं तोंड बसेल अशी टोकं पुष्कळ आहेत आणि सगळी सारखीच दिसतात. मी अनुभवाच्या बळावर जोडत गेलो. चिरंजीव गप्प राहिले. आपल्या घराण्यात मौन आधीपासूनच चांगलं जमत असावं.

सगळं जोडून गाडी बाहेर काढली आणि सुरू केली. इंजिनाला दमा झाला होता. रेस आपोआप वर जायची, मग जीव गेल्यासारखी खाली यायची, पुन्हा वर. मी हीटर लावला तर दोन्ही हेडलाइट उघडले. हेडलाइटचं बटण दाबलं तर पायावर गरम वारा आला. आणि ब्रेक दाबला की डावा हेडलाइट मिटायचा, सोडला की उघडायचा. समोरच्या बंगल्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका त्या वेळी फाटकात उभ्या होत्या. मी नेमकं काय बिघडलंय ते पाहायला ब्रेक दाबत सोडत होतो. म्हणजे आपली लाल गाडी भर दुपारी, त्यांच्याकडे तोंड करून, एकसारखा डावा डोळा मारत होती. त्या आत गेल्या, चष्मा लावून बाहेर आल्या, खात्री करून घेतली आणि मग फाटकाला आतून कडी घातली. माझ्या मुलीला त्यांनी शाळेत चार वर्षं शिकवलं आहे. आता त्या रस्त्यात दिसल्या तर मी दुसऱ्या बाजूने जातो. आपल्या गाडीने मला या वयात एवढीच प्रतिष्ठा शिल्लक ठेवली आहे.

बरं, एवढ्यावर भागलं नाही. दोन दिवसांत वास पुन्हा आला, पहिल्यापेक्षा दणकून. बॉनेट उघडून पाहतो तर पेट्रोलची ती देखणी निळी नळी फुगून लिबलिबीत झालेली, आणि तिला सर्वांगाला घाम आलेला. खाली जमिनीवर ओला डाग. इंजिन तेव्हा गार होतं, म्हणून आज हे पत्र माझ्या अक्षरात आहे. चिरंजीवांनी नळीचा उरलेला तुकडा उजेडात धरला. "काका, इथे काहीतरी छापलंय." मुंगीच्या पायाएवढं अक्षर होतं, इंधनासाठी वापरू नये. मी खाली बसलो. भिंतीपलीकडे हिची शेगडी आहे, आणि ही मुक्काम हलवून गेली नसती तर तिने त्या दिवशी सकाळी चहा ठेवलाच असता. मी तिला आयुष्यभर तिच्या नाकावरून चिडवत आलो. त्या संध्याकाळी फोन करून तिला म्हटलं, तुझं बरोबर होतं. मग ती म्हणाली, "पुन्हा एकदा म्हणा, इकडे कुकरची शिट्टी झाली."

मग पेट्रोलसाठी जाड, काळी, त्याच कामाची म्हणून मिळणारी नळी आणली. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सगळी बदलली, फिल्टरसकट. नळीला कापणार नाहीत अशा गोल काठांच्या क्लिपा लावल्या. बाकी पोकळीच्या निळ्या नळ्या चांगल्या होत्या, फक्त चुकीच्या घरात नांदत होत्या. त्यांची घरं शोधायची कशी, हा प्रश्न होता. चिरंजीव विचारात पडले, मग त्यांनी एक नळी इंजिनाकडून सोडवली, रुमालाने पुसली, तोंडात धरली आणि खोल श्वास आत ओढला. समोर डावा हेडलाइट सावकाश उघडला. त्यांनी तोंड काढलं, तो मिटला. पुन्हा ओढलं, उघडला. मी समोर उभा होतो. आपला मुलगा नळी तोंडात धरून, डोळे मोठे करून माझ्याकडे बघतोय, आणि त्याच्याबरोबर आपली गाडीही एक डोळा मोठा करून बघतेय. मला हसू फुटलं. त्यांनाही फुटलं, आणि हसताना श्वास सुटून डोळा फडफडला, त्यामुळे आणखी फुटलं. लग्नाला चार वर्षं झाली, व्याहीसाहेब. मी आपल्या मुलाला मोठ्याने हसताना त्या दिवशी प्रथम ऐकलं. बाहेर येऊन पाहतो तर समोरचं फाटक हळूच बंद होत होतं.

तशाच पद्धतीने आम्ही एकेक नळी ओळखली. ते ओढायचे, मी गाडीभोवती फिरून काय हललं ते ओरडून सांगायचो आणि इस्पितळातल्या पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून लावायचो. आपल्या गाडीच्या पोटात आता शस्त्रक्रिया झाल्यासारख्या पट्ट्या आहेत, दिसल्या तर दचकू नये. ब्रेकची जाड नळी मात्र वेगळी ओळखू येत होती, तिला शोधावं लागलं नाही. म्हणून ती मी एकट्याने बसवली आणि क्लिप आवळून टाकली. आवळली असं मला वाटलं.

गाडी सुरू केली तर इंजिन मांजरासारखं गुरगुरत बसलं. आता तिला फिरवून आणणं भाग होतं. चालक म्हणून माझा हक्क होता, पण त्या सीटवर मी पहिल्यांदा बसलो तेव्हा मला बाहेर काढायला हिला दोन्ही हातांनी ओढावं लागलं होतं. म्हणून मी किल्ली चिरंजीवांपुढे धरली. ते म्हणाले, "नको काका. बाबांना कळलं तर..." मी म्हटलं, त्यांना कोण सांगणार? (ते मीच सांगतो आहे, याची मला जाणीव आहे.) ते बसले, आरसा त्यांनी दोनदा लावला, घाम पुसला, आणि गाडी अशी सोडली की मला रस्ता जाणवलाच नाही. टेकडीचा चढ चढलो. वरून शहर छान दिसतं, पण आम्ही थांबलो नाही, उताराला लागलो. निम्म्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि पुढे काहीतरी फट् झालं. ती जाड नळी सुटली होती. इंजिन आचके देऊन बंद पडलं आणि ब्रेकचं पॅडल दगडासारखं झालं. खाली वळण, वळणावर भाजीचा हातगाडा, त्याच्याभोवती बायका.

मी काय केलं ते सांगतो. मी माझ्या बाजूला, जिथे पॅडलच नाही तिथे, सर्व शक्तीनिशी ब्रेक दाबत होतो. आपल्या मुलाने गिअर खाली टाकला, गाडीचा जोर एका हिसड्यात मोडला, दोन्ही पाय पॅडलवर रोवून उभा राहिल्यासारखा दाबला, हॅन्डब्रेक टप्प्याटप्प्याने ओढला आणि कडेच्या कठड्याला चाक घासत गाडी हातगाड्याच्या बरीच अलीकडे उभी केली. आवाज चढला नाही, चेहरा बदलला नाही. एका बाईने वळून पाहिलं आणि परत वांगी निवडायला लागली. मी विचारलं, "हे कुठे शिकलात?" तेव्हा ते म्हणाले, "लहानपणी गॅलरीत उभा राहायचो. बाबा गल्लीत शिरले की आवाजावरून कळायचं, आता तिसरा टाकला, आता दुसरा. मी तिथेच गजाला धरून टाकायचो." मग खाली उतरून त्यांनी नळी परत चढवली आणि क्लिप आवळली. मी तपासली. ती आता हलत नाही. मग त्यांनी माझ्या क्लिपा सगळ्याच एकदा तपासल्या, मला वाईट वाटू नये म्हणून मी दुसरीकडे बघत असताना.

तर सारांश असा. आपल्या गाडीच्या सगळ्या नळ्या नव्या आहेत, कुठेही थेंब नाही, वास नाही, दोन्ही डोळे एकदम उघडतात आणि एकदम मिटतात. कठड्याकडच्या चाकाच्या तारांवर एक चरा आहे. तो दात घासायच्या ब्रशने जाणार नाही. आमची ही परवा कुकर घेऊन परतली, झरोक्याशी उभी राहून खोल श्वास घेतला आणि मगच काडी ओढली. पण स्कूटर उघड्यावर आहे, कुंड्यांतली झाडं उन्हाने करपली आहेत आणि समोरच्या बाईंशी माझे संबंध सुधारण्यापलीकडे गेले आहेत. तेव्हा नातं, मान, मोठेपणा सगळं मनात ठेवून स्पष्ट लिहितो की पत्र मिळताच निघावं आणि आपली गाडी आमच्या शेडमधून घेऊन जावी. एक दिवसही उशीर करू नये.

विहीणबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार सांगावा. आपल्या तब्येतीला जपावं. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही उरला तर आनंद आहे.

आपला नम्र,
व्याही

ता. क. वर "पत्र मिळताच निघावं" असं लिहिलं आहे, ते रागाच्या भरात. लगेच निघू नये. निघून उपयोग नाही, कारण गाडी शेडमध्ये नाही. आपले चिरंजीव आणि आमची मुलगी ती घेऊन समुद्राकडे गेले आहेत. चिरंजीवांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा सलग रजा काढली. इस्पितळात सगळ्यांना वाटलं की तेच आजारी पडले.

ता. क. हे पत्र लिहायला मला त्यांनीच सांगितलं. म्हणजे त्यांनी चरा आणि उतार दोन्ही स्वतः सांगायचं ठरवलं होतं, चार वेळा कागद घेऊन बसले आणि "ती. बाबांना" याच्यापुढे गेले नाहीत. शेवटी मला म्हणाले, काका, तुम्ही लिहा, तुम्हाला बोलता येतं. त्यांचं म्हणणं एवढंच आहे की रविवारी, आपली हरकत नसेल तर, त्यांना गाडी चालवायची आहे. हरकत असेल तर तसं कळवावं, ते ऐकतील. ते ऐकतात हीच माझी तक्रार आहे, आणि वरची सगळी पानं मी तेवढ्यासाठी खर्च केली.

ता. क. हिने पत्र वाचलं आणि म्हणाली, विचारताय कशाला, होणार असेल ते होऊन गेलंय. तिचं हल्ली बरोबर असतं. तेव्हा आपली संमती गृहीत धरून मी किल्ली चिरंजीवांना कायमची दिली आहे. आपल्याला फिरायला जायचं असेल तेव्हा त्यांना आदल्या दिवशी सांगावं, ते नाही म्हणणार नाहीत. डावीउजवीकडची दृश्यं शेजारच्या सीटवरून जास्त चांगली दिसतात. मी बसून पाहिलं आहे. फक्त बाहेर निघताना हात द्यायला कोणीतरी लागतं, आणि चिरंजीवांचा हात चांगला भक्कम आहे.